फेज शिफ्टर आणि विलंबरेषा: तारेचा तुकडा तोच, काम वेगळे

अँटेनांची रांग जागची न हलवता तिचा झोत वळवायचा असेल, तर प्रत्येक अँटेनाच्या मागे स्विच बसवून संकेत कधी आखूड, तर कधी लांब तारेतून न्यावा लागतो. या जोडणीला कोणी फेज शिफ्टर म्हणतो, कोणी विलंबरेषा म्हणतो, आणि बरेच जण हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. एकच एक वारंवारता असेल तोवर या सरमिसळीने काही बिघडत नाही. संकेताची पट्टी, म्हणजे त्यातल्या वारंवारतांचा पल्ला, रुंद झाली आणि रांग लांब झाली, की मात्र या दोन गोष्टी एक नाहीत हे मोजमापात स्पष्ट दिसू लागते.

लाट समोरून आली तर रांगेतल्या सर्व अँटेनांवर ती एकाच क्षणी पोचते. ती तिरकी आली तर एका टोकाला आधी आणि दुसऱ्या टोकाला नंतर पोचते. ज्यांना आधी मिळाली त्यांनी थांबायचे आणि शेवटच्या अँटेनाला मिळाल्यावर सर्वांनी मिळून बेरीज करायची, हा विलंबाचा मार्ग झाला. फेजचा मार्ग यापेक्षा कमी मागतो. लाट तिच्या आवर्तनात नेमकी कुठे आहे एवढेच तो जुळवतो. ती कितव्या आवर्तनात आहे याची तो दखल घेत नाही.

तबल्याची जाण असलेल्यांना हा फरक लगेच पटेल. दोन तबलजी एकाच लयीत तीनतालाचा ठेका धरून बसले आहेत आणि त्यांपैकी एक बरोबर १६ मात्रा मागे आहे, असे समजा. नुसता ठेका चालू असेपर्यंत दोघे एकाच क्षणी समेवर येतील आणि मागे कोण आहे हे कुणाला कळणार नाही. पण कायदा, म्हणजे एका मूळ बोलरचनेचा विस्तार, सुरू झाला, दर आवर्तनाला नवा पलटा, म्हणजे त्या रचनेचे बदललेले रूप, येऊ लागला, की सम जुळूनही बोल जुळत नाहीत. एकाच वारंवारतेची लाट म्हणजे ठेका. माहिती वाहणारा संकेत म्हणजे पलटे. पट्टी जितकी रुंद, तितके पलटे लवकर बदलतात.

याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण म्हणजे उटी येथील रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली आणि १९७० साली ती कार्यान्वित झाली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा तिचा परावर्तक सुमारे ११ अंश उताराच्या टेकडीवर उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. टेकडीचा उतार आणि त्या जागेचा अक्षांश जवळजवळ सारखा असल्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम दिशेत तारा धरून ठेवायला परावर्तक यंत्राने फिरवला की पुरते. उत्तर-दक्षिण दिशेत मात्र काहीच हलत नाही. परावर्तित लाटा जिथे एकवटतात त्या नाभिरेषेवर १,०५६ द्विध्रुव (दोन दांड्यांच्या साध्या) अँटेना ओळीने बसवलेल्या आहेत आणि त्या दिशेचा झोत केवळ विजेच्या जोडण्या बदलून वळतो. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण फेज आणि विलंब यांची कामे तिथे कशी वाटून दिली आहेत हे साध्या गुणाकार-भागाकाराने कळते.

दुर्बीण ३२६.५ मेगाहर्ट्झवर काम करते, म्हणजे तरंगलांबी सुमारे ९१.८ सेंटिमीटर येते. दोन द्विध्रुवांमधले अंतर अर्धा मीटर धरू आणि झोत ३० अंश उत्तरेला वळवू. चंद्राआड जाणारे रेडिओ स्रोत टिपणे हे या दुर्बिणीचे मूळ उद्दिष्ट होते आणि चंद्र विषुववृत्तापासून जास्तीत जास्त साधारण साडेअठ्ठावीस अंश दूर जातो, त्यामुळे ३० हा आकडा अवास्तव नाही. शेजारच्या द्विध्रुवांच्या वाटांमध्ये मग २५ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे ०.८३ नॅनोसेकंदाचा उशीर किंवा ९८ अंशांची फेज. (इथे अंश दोन प्रकारचे आहेत, झोताच्या कलाचे आणि फेजचे. फेजमध्ये एक पूर्ण आवर्तन म्हणजे ३६० अंश. एकक एकच असल्यामुळे नवख्या वाचकाचा गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो.)

आता चार बिटांचा फेज शिफ्टर जवळून पाहू. त्यात एकामागून एक चार टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर रेल्वेच्या सांध्यासारखे दोन फाटे असतात, एक आखूड आणि एक लांब. स्विचचे काम करणाऱ्या पिन डायोडमधून प्रवाह सोडला की एक फाटा जोडला जातो, प्रवाह काढून घेतला की दुसरा. लांब फाट्यांमुळे अनुक्रमे १८०, ९०, ४५ आणि २२.५ अंशांची भर पडते. प्रकाशाच्या दोन-तृतीयांश वेगाने संकेत वाहणारी केबल वापरली, तर हे जादा तुकडे सुमारे ३०, १५, ७.५ आणि ३.८ सेंटिमीटरचे होतात. सर्वांत उशिरा लाट मिळणाऱ्या द्विध्रुवाला शून्य दिले, तर त्याच्या शेजाऱ्याला ९८ अंश हवेत. जवळचा आकडा ९०, म्हणून एकच टप्पा बदलतो. पुढच्याला १९६ हवेत, मिळतात २०२.५. त्यापुढच्याला २९४ हवेत, मिळतात २९२.५. अशी चूक कधीही ११.२५ अंशांपेक्षा जास्त होत नाही आणि शेकडो द्विध्रुवांच्या बेरजेत ती बरीचशी विरून जाते.

खरी गोम त्यापुढच्या द्विध्रुवावर आहे. त्याला ३९२ अंश हवेत. फेज शिफ्टर त्यातून ३६० वजा करतो, उरलेल्या ३२ अंशांसाठी २२.५ चा तुकडा जोडतो आणि मोकळा होतो. लाटेला खरोखर ३.३३ नॅनोसेकंद थांबवायला हवे होते, प्रत्यक्षात ती ०.१९ नॅनोसेकंद थांबली. आतापर्यंत तारेचे हे तुकडे बऱ्यापैकी अचूक विलंब देत होते, आणि इथे त्यांनी एक पूर्ण आवर्तन टाकून दिले. म्हणून सुटा भाग पाहून तो फेज शिफ्टर की विलंबरेषा हे ठरवता येत नाही. पूर्ण आवर्तने मोजली जातात की टाकली जातात, यावर ते ठरते. उच्चगामी (वरच्या वारंवारता जाऊ देणाऱ्या) आणि निम्नगामी (खालच्या जाऊ देणाऱ्या) गाळण्यांमध्ये अदलाबदल करणाऱ्या फेज शिफ्टरमध्ये तर फेज रुंद पट्टीभर जवळजवळ सारखीच राहते. तिथे विलंबाचा आभासही नसतो.

टाकलेल्या आवर्तनांची किंमत दुसऱ्या टोकाला कळते. ५३० मीटरच्या रांगेत ३० अंशांच्या कलाला दोन टोकांमध्ये २६५ मीटरचा, म्हणजे सुमारे ८८३ नॅनोसेकंदांचा फरक आहे. त्यात २८८ पूर्ण आवर्तने मावतात आणि फेज शिफ्टर ती सगळी विसरतो. ४ मेगाहर्ट्झ रुंद पट्टीतला संकेत साधारण २५० नॅनोसेकंदांत आपले रूप बदलतो. म्हणजे एका टोकाचा पलटा दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तबलजी तीन पलटे पुढे गेलेला असतो.

हीच गोष्ट आकाशाकडे पाहूनही सांगता येते. फेज स्थिर ठेवून वारंवारता वाढवली, की झोत समोरच्या दिशेकडे सरकतो, घटवली की बाहेर जातो, आणि हे सरकणे वारंवारतेतील सापेक्ष बदल गुणिले कलाचा टॅन्जंट इतके असते. पट्टीच्या दोन कडा मध्यापासून २ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ०.६१ टक्क्यांवर आहेत. ३० अंशांना झोत दोन्हीकडे सुमारे १२ कलांनी सरकतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). झोताची स्वतःची रुंदी तिथे जेमतेम ७ कला आहे. मध्याची वारंवारता ताऱ्यावर असताना कडांच्या वारंवारता रिकाम्या आकाशाकडे पाहत राहतात.

यावर सरसकट विलंबरेषा लावणे परवडत नाही. वर धरलेल्या केबलने ८८३ नॅनोसेकंद मिळवायला सुमारे १७५ मीटर लांबी लागेल, आणि तसे लांबच लांब, स्विच लावलेले तुकडे १,०५६ ठिकाणी बसवायचे तर खर्च आणि संकेताची झीज दोन्ही आवाक्याबाहेर जातात. म्हणून द्विध्रुवांचे ४८-४८ चे २२ गट केले आहेत. एक गट साधारण २४ मीटरचा, त्यातला टोकाटोकाचा उशीर ४० नॅनोसेकंद, म्हणजे २५० च्या मानाने थोडका. गटाचा झोतही दोन अंशांहून रुंद असल्याने १२ कलांचे सरकणे त्यात सहज मावते. गटाच्या आत फेज पुरते आणि गटागटांमध्ये विलंब लागतो. तो २२ ठिकाणीच द्यायचा असतो.

फेजवरच भागते असेही उदाहरण आहे. मोबाइलच्या ५जी च्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ४०० मेगाहर्ट्झची वाहिनी घेतली, तर ६० अंशांच्या टोकाच्या कलालाही झोत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दीड अंशच सरकतो. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने बसवलेल्या १६ अँटेनांचा झोत तिथे १२ अंशांहून रुंद असतो. तिथे विलंबरेषेचा आग्रह धरणे मला अनाठायी वाटते.

नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिथल्या ३० थाळ्या यंत्रानेच वळतात, पण त्या सुमारे २५ किलोमीटरवर विखुरलेल्या असल्याने त्यांच्या संकेतांमध्ये ८० मायक्रोसेकंदांपर्यंत अंतर पडू शकते. सुधारित व्यवस्थेत पट्टी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद आहे. तिथे संकेताचे अंकीय नमुने, म्हणजे क्षणाक्षणाला मोजलेले आकडे, स्मृतीत रोखून विलंब देतात. मात्र संकेत आधीच खालच्या वारंवारतेवर आणलेला असल्यामुळे, तिथे दिलेल्या विलंबाने मूळ लाटेची फेज आपोआप जुळत नाही. ती वेगळी फिरवावी लागते. दोन नमुन्यांच्या मधला अपुरा राहिलेला विलंबही फेजनेच भरून काढतात. त्यासाठी पट्टीचे बारीक भाग पाडतात. ४०० मेगाहर्ट्झचे २,०४८ भाग केले, तर प्रत्येक भाग १९५ किलोहर्ट्झचा होतो, आणि इतक्या अरुंद भागात उरलेल्या नॅनोसेकंदाच्या विलंबाऐवजी त्या भागापुरती नेमकी फेज दिली, तरी बेरजेत फरक पडत नाही.