ती उडी अंतराळातून नव्हती

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा एक व्हिडिओ तुम्हालाही आला असेल: 'ऑस्ट्रेलियन अंतराळवीराने 1,28,000 फुटांवरून अंतराळातून उडी मारली, 1236 किलोमीटर अंतर चार मिनिटांत कापलं, त्याला पृथ्वी फिरताना दिसली.' व्हिडिओ खरा आहे, मजकूर नाही.

माणूस फेलिक्स बाउमगार्टनर, ऑस्ट्रियाचा स्कायडायव्हर. 14 ऑक्टोबर 2012 रोजी त्याने न्यू मेक्सिकोवर सुमारे 39 किलोमीटरवरून उडी घेतली. अंतराळाची सीमा साधारणपणे 100 किलोमीटरवर मानतात. मुळात तो वर गेला हेलियमच्या फुग्याने, आणि फुगा तरंगायला भोवती हवा लागतेच. म्हणजे तो वातावरणातच होता. आकाश काळं दिसतं, कारण तिथे प्रकाश विखुरणारी हवा फारच विरळ.

'1236 किलोमीटर अंतर' तर सरळ चुकीचं, उडीच 39 किलोमीटरवरून होती. त्याचा सर्वाधिक वेग ताशी सुमारे 1357 किलोमीटर होता, ध्वनीपेक्षा जास्त. आणि व्हिडिओत गरगर फिरते ती पृथ्वी नाही, तो स्वतः फिरतोय.

मला वाईट वाटतं ते अमेरिकी हवाई दलातल्या जो किटिंगर यांचं नाव या मजकुरात नसतं याचं. 1960 साली त्यांनी 31 किलोमीटरवरून अशीच उडी मारली. वर जाताना उजव्या हातमोज्यातला, विरळ हवेत हाताला जपणारा हवेचा दाब गेला, हात सुजून दुप्पट झाला, पण मोहीम रद्द होईल म्हणून लगेच सांगितलं नाही. 2012 मध्ये बाउमगार्टनरशी रेडिओवर बोलणारा तो शांत आवाज त्यांचाच.