लाकडी नंदी: चाकूने तासायचा की पटाशीने कोरायचा?

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान पोरांचा सण, जवळ आला की नागपूरच्या महाल-इतवारीत चाकं लावलेले लाकडी नंदी ओळीने मांडलेले दिसतात. पोरं ते ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात. आणि दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारतं, "असा मुठीएवढा नंदी घरी करता येईल का? त्यासाठी कोणता सेट घेऊ?" सेट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाकडी मुठीच्या पाच-सहा पटाश्या येतात. मीसुद्धा आधी तोच आणला होता. दोन महिने तो तसाच पडून राहिला, कारण मला जे करायचं होतं त्याचं ते हत्यारच नव्हतं.

व्हिटलिंग आणि कोरीवकाम या दोन गोष्टींची गल्लत इथेच होते. व्हिटलिंगमध्ये एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हातात छोटा चाकू, एवढंच सामान. कोरीवकामात लाकूड टेबलाला आवळून बसवलेलं असतं, एका हातात पटाशी आणि दुसऱ्या हातात लाकडी हातोडी. लाकूड कुणी धरलंय, हा खरा फरक. बाकीचे सगळे फरक त्यातूनच येतात.

मुठीएवढा नंदी आवळून बसवला तर प्रत्येक कापाला सोडवून फिरवावा लागतो. मग माणूस कंटाळतो, तो तुकडा डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताने पटाशी रेटतो. नवशिक्याला खोल जखम होते ती अशी. पटाशी सटकली की थेट तळव्यात जाते.

चाकूचं तसं नाही, कारण त्याचे काप आखूड असतात. बटाटा सोलताना आपण अंगठा टेकवून पातं स्वतःकडे ओढतो, तसा एक काप. दुसऱ्यात लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून पातं पुढे ढकलायचं. पातं सरकतं जेमतेम एक-दोन सेंटीमीटर. नंदीची मान काढताना आधी लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडवी सरळ चीर द्यायची, मग खांद्याकडून त्या चिरेपर्यंत तासत यायचं. ढलपी चिरेपाशी आपोआप सुटते आणि डोक्याला धक्का लागत नाही. चार दिवस हा एकच काप घोटा, निम्मं काम हातात बसेल. लाकूड धरणाऱ्या हातात मात्र काप न लागणारा हातमोजा हवाच, आणि अंगठ्याला जाड टेप.

दोन्ही कामांची तयार वस्तूही वेगळी दिसते. चाकू सपाट पैलू सोडतो. स्वीडनचा आक्सेल पेटरसन, ज्याला डोडरहुल्टार्न म्हणत (1868–1925), गावातली माणसं अशाच रांगड्या पैलूंत उभी करायचा. कपड्यांच्या घड्या, थकलेले खांदे, सगळं मोजक्या कापांत. मला ते पैलू फार आवडतात, म्हणून पॉलिश पेपर मारून ते घालवू नका असंच मी सांगतो. शिवाय पेपरचे कण लाकडात अडकतात आणि पुन्हा चाकू लावला की धार जाते.

लाकडाचं मी जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे तिथेच वाया जातात. लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकडाच्या बाजारात, जाऊन "नंदी करायचा आहे" म्हटलं की समोर साग येतो. "भाऊ, सागासारखं लाकूड नाही." दारावरच्या कोरीवकामासाठी ते अगदी खरं आहे, कारण तिथे हातोडीचा जोर असतो. पण चाकूमागे फक्त बोटांचा जोर असतो. सागात सिलिका असते, धार लवकर बोथट होते, आणि बोथट चाकू जास्त रेटावा लागतो, म्हणजे जास्त सटकतो. आपल्या विदर्भातल्या जंगलांतली शिवण मागा. हलकी, फिक्या रंगाची, चाकूला ऐकणारी. परदेशी बासवूडचे ठोकळे ऑनलाइन मिळतात, तेही सुरुवातीला उत्तम.

ठोकळा घेताना रेषा बघा. नंदीचे पाय आणि वर उभी शिंगं, दोन्ही रेषेच्या दिशेने यायला हवीत, म्हणजे रेषा वरून खाली. माझ्या पहिल्या नंदीत रेषा आडवी होती. शेवटच्या संध्याकाळी उजवं शिंग बुडापासून निघून हातात आलं.

चाकू कसा? पातं 4 सेंटीमीटरच्या आसपास, सरळ धारेचं, मूठ हातात नीट भरणारी. घडीचा चाकू नको, तो काम करताना मिटू शकतो. जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा फळीवर चिकटवा, त्यावर धारेसाठीचं हिरवं पॉलिश चोळा आणि काम करताना दर अर्ध्या-पाऊण तासाने पातं त्यावर ओढा, पाठ पुढे आणि धार मागे. पटाश्यांची धार काढणं याहून किचकट, गोल पटाशीची तर फारच.

म्हणून पटाशी कधीच नको असं नाही. घराच्या नावाची पाटी, फळीवर उठावाचा गणपती, खोल वाटीसारखा आकार यांना चाकू पुरत नाही. ते करायचं असेल तर आधी टेबल आणि लाकूड आवळायची सोय करा, पटाश्या नंतर घ्या.

मे महिन्यात अर्धवट नंदी कूलरच्या वाऱ्यात किंवा खिडकीत ठेवू नका. किंचित ओलं लाकूड नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात एका रात्रीतही टोकाकडून तडकू शकतं. मी तो त्याच्याच ढलप्यांसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवतो आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा काढतो.