वाळूतली छत्री आणि दुपारचा वारा

गुहागरच्या किनाऱ्यावर सकाळी दहा-अकराला छत्री रोवणारा माणूस पाहा. दांडा दोन्ही हातांनी धरतो, टोक वाळूत दाबतो, गोल गोल फिरवतो, वीतभर खाली गेला की बुंध्याशी पायाने वाळू ओढतो. वर हलकासा ढीग. छत्री उघडते, झकास उभी राहते. मग दोन-अडीचच्या सुमारास ती एकदम उचलली जाते आणि काठावर घरंगळत, टोकदार दांडा फिरवत किनाऱ्याने पळत सुटते. तिच्या वाटेत मुलं खेळत असतात. हे मी एकाहून अधिक वेळा पाहिलंय आणि दर वेळी पोटात गोळा आलाय.

हा धोका किरकोळ नाही. २०१६ साली अमेरिकेत व्हर्जिनिया बीचवर उडालेली छत्री लागून एका स्त्रीचा जीव गेला. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार २०१० ते २०१८ या काळात अशा छत्र्यांमुळे सुमारे २,८०० जणांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं लागलं. पुढे २०२४ मध्ये तिथे छत्रीच्या पकडीसाठी खास मानकच आलं: ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात छत्री जागची हलता कामा नये.

आता वारा नेमका किती जोर लावतो ते पाहू. दोन मीटर व्यासाच्या छत्रीवर ताशी २० किलोमीटरचा वारा पुरता समोरून आला, तर जोर साधारण सात किलो वजनाइतका भरतो. वेग दुप्पट, ताशी ४० झाला की जोर चौपट होतो, म्हणजे अठ्ठावीस-तीस किलो. वारा 'थोडासा वाढलाय' असं आपल्याला वाटतं, तेव्हा छत्रीचा हिशेब पार बदललेला असतो.

आणि समोर उभी असते कोरडी वाळू. चिकणमातीत खुंटी ठोकली की माती तिला चिकटून धरते. कोरड्या वाळूला चिकटणं माहीतच नाही. तिचे कण एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. दांड्याला ते धरतात ते घर्षणाने, आणि घर्षण येतं दाबातून, दाब येतो वरच्या वाळूच्या वजनातून. वरच्या थरात वजनच नाही, म्हणून तिथे पकडही नाही. चार सेंटिमीटर जाडीचा गुळगुळीत दांडा सैल वाळूत ३० सेंटिमीटर खोल असेल, तर तो सरळ वर उपसायला जेमतेम दोन किलोचा जोर पुरतो. तोच ६० सेंटिमीटर खोल नेला की सात-आठ किलो लागतात. खोली दुप्पट, पकड चौपट. आडवा पाडायचा म्हटलं तर फरक आणखी मोठा, जवळजवळ सातपट. घरी खात्री करायची असेल तर उंच डब्यात रवा भरा, पेन्सिल आधी तीन आणि मग सहा सेंटिमीटर खोचून हळूच ओढून बघा. बोटांना लगेच कळतं.

बुंध्याशी केलेला ढीग बघायला भरभक्कम दिसतो, पण तो सैल असतो. त्याच मेहनतीत दांडा वीतभर आणखी खाली गेला असता.

सकाळी घट्ट बसलेली छत्री दुपारीच का उडते, याला कोकणात दोन कारणं आहेत आणि ती नेमकी एकाच वेळी येतात. पहिलं ओलाव्याचं. सकाळी वाळूत थोडा दमटपणा असतो. दोन कणांमध्ये पाण्याचा इवलासा पूल तयार होतो आणि पृष्ठताण त्यांना एकमेकांकडे ओढून ठेवतो. मुलांचे किल्ले याच जोरावर उभे राहतात, आणि त्याला पाणी फार लागत नाही. पण ऊन चढलं की वरचा थर सुकतो, पूल तुटतात आणि सकाळची घट्ट वाळू दुपारी भुसभुशीत होते.

दुसरं कारण वाऱ्याचं. शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे आठवा. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे, जमीन तापली की समुद्राकडून जमिनीकडे. दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून, बहुधा वायव्येकडून येतो आणि जोरात असतो. सकाळी ऊन पूर्वेचं, म्हणून आपण छत्री पूर्वेकडे कलवतो. तिची पोकळ बाजू मग समुद्राकडे तोंड करून राहते. दुपारी वारा थेट त्या पोकळीत शिरतो आणि छत्रीला दांड्यासकट वर ओढतो. वाळूची पकड वरच्या ओढीला किती कमी पडते, हे आत्ताच पाहिलं. म्हणून जेवणाआधी उठून छत्री समुद्राकडे कलवावी. ऊनही तोवर तिकडे सरकलेलं असतं, आणि वारा तिला उचलण्याऐवजी खाली दाबतो.

खरी भक्कम पकड हवी असेल तर दांड्याच्या घर्षणावर विसंबू नये, वाळूचं वजनच कामाला लावावं. एक जाड गोणी वाळूने भरा, तोंड दोराने बांधा, ४५ सेंटिमीटर खोल खड्ड्यात आडवी ठेवा, खड्डा बुजवून दोर वर घ्या आणि छत्रीच्या दांड्याला बांधा. तिची वरची बाजू ३० बाय ३० सेंटिमीटरची धरली, तर गोणी आणि तिच्या डोक्यावरची वाळू मिळून वजन ६५ किलोच्या आसपास होतं. शिवाय गोणी वर येताना वाळूचा सरळ खांब उचलत नाही, वर रुंद होत जाणारा शंकू उचलते, म्हणजे जोर आणखी लागतो. गोणी नसेल तर आडवी फळीही चालते. होडीचा नांगर याच तत्त्वावर चालतो. त्याचे फाळ समोरच्या वाळूला ढकलतात आणि ती वाळू त्यांना अडवते. म्हणून वारा वाढला की दोर आणखी सोडतात, ओढ आडवी राहावी म्हणून. ती उभी झाली की नांगर सुटतो.

पेचाचे, म्हणजे स्क्रूसारखे फिरवत रोवायचे प्लॅस्टिकचे खुंटे हल्ली बाजारात मिळतात, तेही याच कुळातले. आयरिश अभियंता अलेक्झांडर मिचेल दृष्टिहीन होता. त्याने १८३३ मध्ये पेचाच्या खांबाचं पेटंट घेतलं आणि १८३८ पासून इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या मुखाशी मॅपलिन सँड्सच्या सरकत्या वाळूत अशाच खांबांवर दीपगृह उभं राहू लागलं. पेचाचं रुंद पातं खाली गेलं की वरच्या साऱ्या वाळूचं वजन त्याच्यावर येतं. बॉम्बे-बडोदा रेल्वेच्या खाड्यांवरच्या पुलांनाही हेच खांब वापरले गेले.

खड्डा बुजवताना वाळू नुसती लोटू नये. जोत्यात भराव घालताना पाणी मारून धुम्मस करतात, तसंच इथे: थर टाका, थोडं पाणी शिंपडा, पायाने तुडवा. याचा गुण १८८५ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने समजावला होता. ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर फिकी, कोरडी दिसते, हे सगळ्यांनी पाहिलंय. घट्ट बसलेल्या कणांना हलायचं तर आधी एकमेकांपासून दूर सरावं लागतं. मधली जागा वाढते आणि पाणी आत ओढलं जातं. तुडवलेल्या वाळूतला दांडा हलायला बघतो, तेव्हा त्याला आजूबाजूची सगळी वाळू फुगवावी लागते. सैल वाळूत हा अडसरच नसतो.

एक गोष्ट मात्र खोदण्याआधी लक्षात घ्या. गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तीही भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, साधारण दीड फूट खोल. नेमक्या आपल्या छत्रीच्या जागी. नोव्हेंबर ते मार्चमध्ये वाळूत रुंद, फरफटल्यासारखी ताजी खूण दिसली, तर तिथे फावडं लावू नका. किनाऱ्यावरच्या कासवमित्रांना किंवा वनखात्याला कळवा. आणि संध्याकाळी गोणी काढल्यावर खड्डा सपाट करूनच निघा. रात्री समुद्राकडे निघालेलं तळहाताहून लहान पिल्लू त्यात पडलं, तर त्याला वर चढता येत नाही.