डिसेंबरची पोरं आणि जानेवारीचा संघ

माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर जूनला शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात भाच्याला चौकटीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची आणि रेघ मारायची. पाचवी, सहावी, सातवी. रेघांमधलं अंतर दरवेळी पाचेक सेंटिमीटर. भाचा फुटबॉल खेळतो. जन्म २७ डिसेंबरचा. मागच्या वर्षी तेरा वर्षांखालच्या निवड चाचणीतून तो परत आला. "पायात जादू आहे हो, पण अंगानं कमी पडतो," असं तिथले सर म्हणाले. घरी एका ज्येष्ठ नातेवाइकांनी पत्रिका पाहिली आणि मैदानी खेळात यश नाही, असं सांगून टाकलं.

युरोपात क्लबांना घरची पोरं संघात ठेवायची सक्ती असावी का, हा वाद बरीच वर्षं चालू आहे. माझं उत्तर होय असं आहे. पण तो नियम ज्या वयापासून मोजायला सुरुवात करतो, त्या वयाच्या आधीच खरी चाळण लागून गेलेली असते. आणि ती चाळण प्रशिक्षकाइतकीच गुडघ्याजवळची कूर्चेची, म्हणजे मऊ लवचीक हाडाची, एक पातळ पट्टी लावते.

आधी नियम थोडक्यात. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियन फुटबॉलपटू बॉसमनच्या खटल्याचा निकाल दिला आणि युरोपीय संघातल्या नागरिकांना 'परदेशी खेळाडू' म्हणून मोजण्याची मर्यादा गेली. श्रीमंत क्लब वाटेल तिथून तयार खेळाडू उचलू लागले. त्यावर यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, २००६-०७ पासून होमग्रोन, म्हणजे घरी घडलेल्या खेळाडूंचा नियम आणला. २००८-०९ पासून चॅम्पियन्स लीगच्या २५ जणांच्या यादीत ८ जागा अशा खेळाडूंसाठी आहेत, त्यातल्या ४ क्लबने स्वतः घडवलेल्यांसाठी. पासपोर्ट कुठला हे पाहिलं जात नाही. १५ ते २१ या वयात तीन हंगाम किंवा ३६ महिने त्या क्लबात किंवा त्याच देशातल्या दुसऱ्या क्लबात काढले की झालं. सेस्क फाब्रेगास बार्सिलोनाच्या अकादमीत वाढला आणि २००३ मध्ये सोळाव्या वर्षी आर्सेनलला गेला. या मोजणीनुसार तो आर्सेनलने घडवलेला ठरतो! शिवाय नियम यादीपुरताच आहे. त्या आठांना एक मिनिटही मैदानावर उतरवलं नाही, तरी क्लब नियमात बसतो.

बेल्जियममध्ये रॉयल अँटवर्प क्लब याच नियमांविरुद्ध कोर्टात गेला. २१ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की हे नियम कामगारांच्या मुक्त संचाराला आणि स्पर्धेला बाधक ठरू शकतात, पण मुलांना घडवण्यास उत्तेजन देणं हा उद्देश रास्त आहे. नियम त्या उद्देशाला खरोखर उपयोगी पडतो का, हे ब्रसेल्सच्या न्यायालयाने तपासायचं. माझ्या मते सगळा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे, आणि त्याचं उत्तर कायद्यापेक्षा शरीरशास्त्रात जास्त सापडतं.

आता ती पट्टी. मांडीचं हाड गुडघ्याशी जिथे संपतं, तिथे टोकाच्या थोडं अलीकडे कूर्चेचा थर असतो. नडगीच्या वरच्या टोकालाही तसाच. याला वाढपट्टी म्हणू. तिच्या टोकाकडच्या बाजूला राखीव पेशी पडून असतात. त्यातल्या काही विभागू लागतात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात. चळतीतल्या जुन्या पेशी मग फुगतात, पाणी घेऊन मूळ आकाराच्या कित्येक पट होतात. हाड लांब होतं ते मुख्यतः या फुगण्यामुळे. फुगलेल्या पेशींभोवती कॅल्शियमचे क्षार बसतात, रक्तवाहिन्या आत शिरतात, हाड बनवणाऱ्या पेशी येतात आणि कूर्चेच्या जागी हाड तयार होतं. पट्टी तेवढीच राहते, पण मागे हाड सोडत पुढे सरकते.

वयात येताना लैंगिक संप्रेरकांमुळे मेंदूतळाची पियुषिका ग्रंथी वाढसंप्रेरक जास्त सोडते आणि चळती भराभर रचल्या जातात. मुलग्यांमध्ये हा वेग साधारण साडेतेरा-चौदाव्या वर्षी शिगेला पोचतो, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर. पण हे सरासरीचं वय. एखाद्याचा वेग बाराव्या वर्षीच शिगेला पोचतो, एखाद्याचा सोळाव्या वर्षी. आणि ही वाढ थांबवतं कोण? मुलग्यांमध्येसुद्धा इस्ट्रोजेन, ज्याला आपण बायकांचं संप्रेरक समजतो ते. मुलग्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अरोमॅटेझ नावाच्या विकराने इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि त्या इस्ट्रोजेनने राखीव पेशी संपत जातात. १९९४ मध्ये डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण पेशींमध्ये इस्ट्रोजेन ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) जनुकदोषामुळे निकामी. उंची २०४ सेंटिमीटर, हाडांची पक्वता पंधरा वर्षांच्या मुलाइतकी, वाढपट्ट्या उघड्या, आणि माणूस अजून वाढतच होता! ही नोंद पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

ओघात आलंच आहे तर सांगतो. पट्टी एकदा हाडात मिटली की ती उघडणारी पावडर, गोळी किंवा लटकण्याचा व्यायाम जगात नाही. टीव्हीवर उंची वाढवून देणारे डबे विकले जातात, ती शुद्ध फसवणूक आहे. वाढसंप्रेरकाची खरी कमतरता हा वेगळा आजार आहे. तो तपासण्यांनी कळतो आणि त्यावर उपचारही आहेत. मेस्सीला तो होता. बार्सिलोनाने त्याच्या उपचारांचा खर्च उचलला. २५ नोव्हेंबर २०१२ रोजी लेवान्तेविरुद्ध दानी आल्वेस जखमी होऊन बाहेर गेला आणि मोंतोया आत आला, तेव्हा बार्सिलोनाचे मैदानावरचे अकराच्या अकरा जण त्यांच्याच अकादमीतले होते. त्या अकरांत मेस्सी होता. उशिरा वयात येणं मात्र आजार नाही. ते नुसतं वेगळं वेळापत्रक आहे.

आता यात कॅलेंडर मिसळा. वयोगट १ जानेवारीपासून मोजला तर जानेवारीत जन्मलेला आणि माझा डिसेंबरचा भाचा एकाच गटात येतात. दहा वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. मोठं दिसणारं पोर निवडलं जातं, त्याला चांगलं मैदान आणि चांगले प्रशिक्षक मिळतात, आणि मग ते खरोखरच चांगलं होतं. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्या आइस हॉकीत हे दाखवलं, नंतर ते फुटबॉलमध्ये देशोदेशी सापडलं.

सगळ्यात सुंदर पुरावा पुन्हा बेल्जियमचा. तिथे युवा फुटबॉलचं वर्ष १ ऑगस्टला सुरू व्हायचं आणि निवडलेल्या मुलांत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांची गर्दी असायची. १९९७ मध्ये ही तारीख १ जानेवारी केली. वेर्नर हेल्सन आणि सहकाऱ्यांनी नंतर मोजलं, तर गर्दी जानेवारी ते मार्चकडे सरकलेली. ग्रहतारे होते तिथेच होते, बदलली ती कार्यालयातली एक तारीख. पत्रिकावाल्या नातेवाइकांना मी हे दोनदा समजावून सांगितलंय, आणि पुन्हा सांगेन. एका बारा-तेरा वर्षांच्या पोराचा खेळ त्यांच्या एका वाक्याने सुटू शकतो.

म्हणजे पंधराव्या वर्षी नियमाची मोजणी सुरू होते, तोवर कितीतरी डिसेंबरची पोरं खेळ सोडून गेलेली असतात. क्लब आठ जागा भरतो त्या उरलेल्यांतून. मग सक्तीचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग आहे, कारण सक्ती नसेल तर पैसेवाला क्लब अकादमीवर खर्चच कशाला करील? पण सक्ती चुकीच्या टोकाला लावली आहे.

दुसरी वाट उपलब्ध आहे. मुलाची उंची, वजन, वय आणि आईवडिलांची उंची एवढ्यावरून त्याची मोठेपणची उंची बऱ्यापैकी अंदाजता येते. क्ष-किरण लागत नाहीत. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या काही प्रीमियर लीग अकादम्यांनी ११ ते १४ वर्षांच्या मुलांची स्पर्धा घेतली. त्यात वय न पाहता अंदाजित उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोचलेल्यांना एकत्र खेळवलं. लवकर वाढलेल्या मुलांना पहिल्यांदाच धक्काबुक्कीवर भागवता येईना, चेंडू लवकर सोडावा लागला. उशिरा वाढणाऱ्यांना पुढाकार घेता आला. बेल्जियमच्या संघटनेने तर उशिरा वयात येणाऱ्यांसाठी वेगळे राष्ट्रीय युवा संघच चालवले.

आपल्याकडे निवड चाचणीच्या टेबलावर जन्मदाखला पुनःपुन्हा तपासतात, वय चोरलंय का ते बघायला. ते हवंच. पण त्याच टेबलावर एक भिंतपट्टी आणि आईबाबांच्या उंचीचा रकाना ठेवायला शंभर-दोनशे रुपयेही लागत नाहीत.

मला हवा असलेला नियम असा: मोजणी बाराव्या वर्षापासून करा, यादीतल्या जागांऐवजी मैदानावरची मिनिटं मोजा, आणि प्रत्येक अकादमीला दरवर्षी आपल्या मुलांची जन्ममहिन्यानुसार संख्या जाहीर करायला लावा. नावं नकोत, नुसती बारा आकड्यांची एक ओळ. ब्रसेल्सच्या न्यायाधीशांना नियम उपयोगी आहे का हे ठरवायचं असेल, तर त्यांनी ही ओळ मागवावी आणि डिसेंबरचा आकडा वाचावा.