ड्युअल बूट

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) वेगवेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या स्वतंत्र भागांवर) बसवून, संगणक सुरू करताना त्यांतली एक निवडण्याची सोय. घरगुती संगणकावर विंडोज आणि लिनक्स (उबुंटू, मिंट वगैरे) ही जोडी सर्वाधिक आढळते. व्हर्च्युअल मशिनमध्ये (एका प्रणालीच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात) दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालतात आणि रॅम वाटून घेतात. ड्युअल बूटमध्ये एका वेळी एकच चालते आणि सगळे यंत्र तिच्या ताब्यात असते.

जुन्या बायॉस (चालू होताच यंत्र जागे करणारे मूळ सॉफ्टवेअर) पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर कळीचा असे. बूट कोडला (प्रणाली सुरू करणाऱ्या सूचनांना) त्यात जेमतेम ४४६ बाइट मिळत. लिनक्सनंतर विंडोज बसवले, की ते हा कोड बिनदिक्कत पुसून स्वतःचा लिही. लिनक्स डिस्कवर शाबूत असूनही सुरू होत नसे. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा दंडक त्यातून आला. बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआय पद्धतीत फॅट३२ (फायली साठवण्याची एक रचना) स्वरूपाच्या एका छोट्या पार्टिशनवर प्रत्येक प्रणालीच्या बूटलोडरला (ती सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) स्वतंत्र फोल्डर मिळतो, त्यामुळे ही मारामारी बरीच कमी झाली. दंडक तरी पाळलेला बरा, कारण लिनक्ससोबत येणारा ग्रब हा बूटलोडर विंडोजलाही आपल्या मेनूत जागा देतो. विंडोज लिनक्सची दखल घेत नाही.

प्रत्यक्ष काम फार मोठे नाही. महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ‘श्रिंक’ (लहान) करायचा, मोकळी झालेली जागा तशीच सोडायची आणि बूटेबल पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसवायचे. ड्राइव्हमध्ये जागा भरपूर असूनही श्रिंक थोडीच देऊ करते, तेव्हा पेजफाइलसारख्या (रॅमला जोड म्हणून विंडोज वापरते ती फाइल) न हलणाऱ्या फायली वाटेत असतात. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवावी. सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह बूटलोडर चालू देणाऱ्या सोयीची) सेटिंग बदलताच विंडोज ती मागू शकते.

खरी कटकट पुढे सुरू होते, कारण एका घरातल्या या दोन बिऱ्हाडांपैकी प्रत्येकाला घर आपलेच वाटते. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप चालू असले, तर ‘शट डाउन’ म्हणजे निम्मी झोपच असते. अशा वेळी लिनक्स सी ड्राइव्ह बहुधा फक्त वाचण्यापुरता उघडते. फास्ट स्टार्टअप बंद करणे हाच उपाय. घड्याळाचा घोळ तर भारतात हमखास डोळ्यांवर येतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ (यूटीसी) ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. त्यामुळे रात्री नऊला लिनक्समधून विंडोजमध्ये यावे तर कोपऱ्यात दुपारचे साडेतीन. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत साडेपाच तासांचा हा फरक राहतो. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावणारी एक आज्ञा आहे, पण विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवण्याच्या जागेत) यूटीसीची नोंद करणे अधिक नीट.

ॲपलने २००६ मध्ये बूट कॅम्प आणून इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर विंडोजची वाट करून दिली. २०२० पासूनच्या एम-मालिकेच्या मॅकवर ती सोय नाही.

लिनक्स काढताना घाईने नुसते त्याचे पार्टिशन उडवले, की ग्रबचा उरलेला भाग हरवतो आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढाच शब्द लुकलुकत राहतो. यूईएफआय यंत्रात आधी बूट क्रमात विंडोज वर आणावे. जुन्या यंत्रात विंडोजच्या रिकव्हरी डिस्कवरून बूट कोड पुन्हा लिहावा. पार्टिशनला हात त्यानंतरच लावावा.