स्वयंसेवक आला म्हणजे सदस्य मिळाला का?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो अनुयायी दीक्षाभूमीवर येतात, तेव्हा त्यांना पाणी, भोजन आणि औषधोपचार पुरवण्यासाठी नागपुरातील असंख्य माणसे रात्रंदिवस उभी राहतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट यांसारख्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हाही मदतीला हात पुढे आले. तरीही या शहरातील सेवाभावी क्लबांच्या सभेत ‘मेंबर मिळत नाहीत आणि मिळाले तर टिकत नाहीत’ ही तक्रार सतत ऐकू येते. माझ्या मते या तक्रारीचे मूळ लोकांच्या उदासीनतेत शोधणे चुकीचे आहे. स्वयंसेवक आणि सदस्य या दोन भूमिकांची आपण गल्लत करतो, हे खरे कारण आहे.

स्वयंसेवक कामासाठी येतो. त्या कामाला तारीख असते, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ असते, आणि ते संपले की त्याची जबाबदारीही संपते. यात त्याचे काहीही उणे नाही. सदस्याचे नाते मात्र संस्थेशी जुळते: तो वर्गणी भरतो, सभांना बसतो, मत देतो, आज ना उद्या पद स्वीकारतो आणि हिशेबाला उत्तरदायी राहतो.

पल्स पोलिओच्या मोहिमेत हा फरक स्वच्छ दिसतो. रोटरी या जगभर पसरलेल्या सेवाभावी क्लबांच्या संघटनेने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचे काम हाती घेतले, भारतात पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. रविवारी बूथवर बसून बाळांच्या तोंडात दोन थेंब घालणाऱ्या हातांशिवाय हे झाले नसते, हे खरेच. पण जवळपास तीन दशके निधी उभा करत राहणे, दर फेरीला नव्या उमेदीने माणसे जमवणे आणि अध्यक्ष दरवर्षी बदलत असताना विषय सुटू न देणे, हे सदस्यांचे काम होते.

गल्लत दोन्ही बाजूंनी होते. रक्तदान शिबिरात दिवसभर नोंदणीचे टेबल चोख सांभाळणारी महाविद्यालयीन मुलगी आपल्या डोळ्यांत भरते, आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या हाती अर्ज आणि वर्गणीची पावती येते. त्यानंतरच्या तीन सभांत तिला पदग्रहण, सत्कार, पुष्पगुच्छ आणि लांबलेली भाषणे दिसतात. ज्या कामासाठी ती आली होती ते मात्र कुठेच दिसत नाही. ती येईनाशी झाली की ‘हल्लीच्या मुलांत चिकाटी नाही’ असे आपण म्हणतो. हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

दुसरी बाजू मला अधिक क्लेशदायक वाटते, कारण तिथे हाती आलेले माणूस जाते. इतवारीतला एखादा व्यापारी आपुलकीने सदस्य होतो, परंतु त्याला फोन जातो तो खुर्च्या हव्या असतील किंवा देणगी कमी पडत असेल तेव्हाच. क्लबने यंदा काय करावे, हे त्याला कोणीही विचारत नाही. सदस्य म्हणून नाव लागलेल्या या माणसाला आपण स्वयंसेवकासारखे, नव्हे, पुरवठादारासारखे वागवतो, आणि दोन वर्षे मुकाट्याने वर्गणी भरून तो तितक्याच मुकाट्याने निघून जातो.

म्हणून बोलावण्याची रीत वेगळी हवी. स्वयंसेवकाला नेमके काम आणि नेमकी वेळ सांगावी, ती पाळावी, आणि काम झाल्यावर त्यातून काय साधले ते आवर्जून कळवावे. बाकी आग्रह नको. संभाव्य सदस्याला आधी दोन-तीन सभांना पाहुणा म्हणून आणावे, वर्षाचा एकूण खर्च आणि लागणारा वेळ स्पष्ट शब्दांत सांगावा, आणि प्रवेशानंतर पहिल्या तीन महिन्यांतच एखादी लहान पण खरी जबाबदारी द्यावी. सभा दर आठवड्याला भरवणे जमत नसेल तर रोटरीच्या नियमांत २०१६ पासून मोकळीक आहे, पण तिचा लाभ घेण्याचे धैर्य थोडेच क्लब दाखवतात. तरुणांसाठी रोटरीचेच रोटरॅक्ट क्लब आहेतच. १९६८ मध्ये सुरू झालेल्या या क्लबांना २०१९ मध्ये रोटरीच्या सदस्यत्वात स्थान मिळाले आणि पुढे ३० वर्षांची वयोमर्यादाही गेली, त्यामुळे शिबिरातल्या त्या मुलीला वडिलांच्या वयाच्या मंडळींत थेट आणून बसवण्याची गरज उरलेली नाही.

एक अडचण मात्र रचनेतच आहे. १ जुलैला पदाधिकारी बदलतात, आणि ज्याने नव्या सदस्याला आणले, त्याची विचारपूस केली, तोच बाजूला होतो. यासाठी सेक्रेटरीकडे दोन स्वतंत्र वह्या असाव्यात आणि त्या पुढच्या सेक्रेटरीच्या हाती जाव्यात. पहिलीत स्वयंसेवकांची नावे, त्यांना आवडणारे काम आणि शेवटचे बोलावणे कधी गेले ते लिहावे. दुसरीत सदस्यांची हजेरी ठेवावी. सलग दोन सभांना न दिसलेल्या सदस्याला तिसरीच्या आधी फोन जावा, आणि त्या फोनवर वर्गणीचा विषय निघू नये.