चिरंजीव व्हायचे, पण कोणासारखे?

लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी ‘चि.’ छापताना अश्वत्थामा कुणाला आठवत नाही. सात चिरंजीवांत तोही आहे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा. मानवजात कायम टिकावी असे आपण सहज म्हणतो, तेव्हा यातला कोणता चिरंजीव डोळ्यांसमोर असतो?

टिकण्यात आपण वाकबगार आहोत, यात शंका नाही. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याची राख भारतापर्यंत आली. आंध्र प्रदेशातल्या एका गावात (नाव योगायोगाने ज्वालापुरम!) त्या राखेच्या थराखाली दगडी हत्यारे सापडली आणि थराच्या वरही सापडली, बरीचशी त्याच घडणीची. आभाळातून राख पडली, तरी हात थांबले नाहीत.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये एक कोडे घातले. शांतता, ९९ टक्के माणसे मारणारे अणुयुद्ध आणि १०० टक्के मारणारे अणुयुद्ध; यांतल्या कोणत्या दोहोंतला फरक मोठा? बहुतेक जण पहिल्या दोहोंतला म्हणतील. पार्फिट म्हणाले, शेवटच्या दोहोंतला. उरलेला एक टक्का पुन्हा वाढेल आणि पृथ्वी अजून किमान १०० कोटी वर्षे राहण्याजोगी असेल. आपली प्रजाती जेमतेम ३ लाख वर्षांची. म्हणजे नाटक अजून नांदीतच आहे.

हिशेब बिनतोड वाटतो, पण पुढची आयुष्ये जगण्याजोगी असतील हे त्यात गृहीत धरलेले आहे. दक्षिण आफ्रिकेचे तत्त्वज्ञ डेव्हिड बेनॅटर नेमके तिथे बोट ठेवतात. जो जन्मलाच नाही त्याचे दुःख टळले, हे चांगलेच. त्याचे सुख हुकले तर वाईट कुणाचे झाले? म्हणून नवी माणसे जन्माला न घालता मानवजातीने संपून जावे, इथवर ते जातात. मला हा तराजूच एका बाजूला कललेला वाटतो.

त्यापेक्षा ‘शिर सलामत तर पगडी पचास’ हे मला जवळचे. जगलो तर चुका सुधारता येतील. पण सुधारायला वाट उघडी हवी. स्टालिन मार्च १९५३ मध्ये मेला आणि त्याच महिन्यात दहा लाखांहून अधिक कैद्यांच्या सुटकेचा हुकूम निघाला. हुकूमशहाला मरण असते, हा आजवर प्रजेचा मोठाच आधार होता. उद्या यंत्रांच्या पहाऱ्यावर चालणारी, म्हातारी न होणारी, वारसांच्या भांडणात न मोडणारी सत्ता आली तर? शिर सलामत, पण मान वर करायची सोय नाही. अशा लाखो वर्षांपेक्षा नामशेष होणे बरे, असे कुणी म्हटले तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

पंचाईत अशी, की वाचवणारी आणि संपवणारी अवजारे एकच असू शकतात. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर यान आदळवून त्याचा, सोबतच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा, प्रदक्षिणाकाळ सुमारे ३३ मिनिटांनी घटवला. पृथ्वी वाचवण्याची ही तालीम. पण लघुग्रह वळवता आला की तो पृथ्वीकडेही वळवता येतो, हे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी १९९४ मध्येच लिहून ठेवले होते.